दार उघडे होते म्हणून त्रास खोटा ठरत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

श्री. करवीरकर यांस,

अवकाश मोहिमांच्या जमिनीवरील सरावांत माणसांच्या मनावर काय परिणाम होतो, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : ज्याला वाटेल तेव्हा दार उघडून बाहेर पडता येते त्याचे हाल नाटकातले असतात, अशा प्रयोगांत वजनरहित अवस्था नसते, विरळ हवेचा आणि कोंडलेपणाचा परिणाम मी एकत्र कालवला आहे, आणि ‘कोल्हापुरात पंख्याखाली बसून मंगळाच्या गप्पा मारणाऱ्यांनी’ वाचकांना घाबरवू नये. मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु शेवटच्या वाक्यात मुद्दा कोणता, हे शोधूनही सापडले नाही. आपण निवृत्त शिक्षक असल्याचे आपणच लिहिले आहे. वर्गात एखाद्या मुलाने ही भाषा वापरली असती, तर आपण ती चालवून घेतली असती का?

वजनरहित अवस्थेबद्दल आपण बरोबर आहात, हे मोकळेपणाने मान्य करतो. ती जमिनीवर महिनोन्‌महिने निर्माण करता येत नाही.

आता दाराविषयी. मॉस्कोतील जैववैद्यकीय समस्या संस्थेत 3 जून 2010 रोजी सहा पुरुष ‘मार्स-500’ या मंगळ मोहिमेच्या जमिनीवरील सरावासाठी आत गेले आणि 520 दिवसांनी, 4 नोव्हेंबर 2011 रोजी, बाहेर आले. मधल्या काळात कोणीही प्रयोग सोडला नाही. आपल्या तर्काप्रमाणे त्यांना काहीच व्हायला नको होते. प्रत्यक्षात मनगटावरच्या यंत्रांनी नोंदवलेली त्यांची हालचाल मंदावत गेली, बहुतेकांची झोप बिघडली, एकाचे झोपेचे चक्र 24 तासांच्या दिवसाशी जुळेनासे झाले आणि एका सदस्याने जवळजवळ प्रत्येक आठवड्याच्या प्रश्नावलीत खिन्नतेची लक्षणे नोंदवली. दोघांना विशेष त्रास झाला नाही, हेही खरे. म्हणूनच निवड कोणाची करायची हा प्रश्न इतका महत्त्वाचा ठरतो. झोपेचे नाटक दीड वर्ष कोणाला करता येते, हे आपणच सांगावे.

त्याच संस्थेत 1999-2000 मध्ये झालेल्या प्रयोगात नववर्षाच्या रात्री दोन रशियन सदस्यांत रक्त निघेपर्यंत मारामारी झाली, एका कॅनेडियन महिला शास्त्रज्ञाला नको असलेली जवळीक सहन करावी लागली आणि जपानी सदस्य प्रयोग अर्धवट सोडून निघून गेला. म्हणजे दार उघडले गेले ते त्रास खोटा होता म्हणून नव्हे, तर तो असह्य झाला म्हणून.

आणि जेथे दारच नाही अशी जागाही आहे, जिचा उल्लेख लेखात असूनही आपण टाळलात. अंटार्क्टिकावरील फ्रान्स-इटलीचे कॉन्कॉर्डिया केंद्र सुमारे 3,200 मीटर उंचीवर आहे, आणि ध्रुवाकडे हवेचा दाब आणखी कमी असल्यामुळे शरीराला ती उंची 3,800 मीटरसारखी जाणवते. हिवाळ्यातील सुमारे नऊ महिने तेथे विमान उतरत नाही आणि त्यांपैकी तीनेक महिने सूर्य उगवत नाही. युरोपीय अवकाश संस्था आपला डॉक्टर संशोधनासाठी तेथे पाठवते, ते याच कारणाने.

पंख्याचे म्हणाल तर, मी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होतो आणि लडाखमधील एका उंच चौकीवर आख्खा हिवाळा काढला आहे. झोपेत श्वास अडखळून जवान दचकून उठत, औषधांच्या नोंदवहीतली साधी बेरीज चुके आणि सांगायला आलेली गोष्ट माणूस समोर उभा राहून विसरे. शिरोळ तालुक्यातील एकाच गावचे दोघे बुखारीजवळच्या (खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगडीजवळच्या) जागेवरून कित्येक दिवस एकमेकांशी बोलले नाहीत; खाली उतरल्यावर तेच दोघे एका ताटात जेवले. हे मी पाहिले आहे, वाचलेले नाही. आपण असे काही पाहिले असल्यास अवश्य लिहावे.

विरळ हवा आणि कोंडलेपण यांचे परिणाम वेगळे काढून दाखवा, या मागणीवर मी फार शब्द खर्च करणार नाही. मोहिमेत ती दोन्ही एकत्रच वाट्याला येणार आहेत. अ‍ॅरिझोनातील बायोस्फिअर-2 या हवाबंद काचेच्या वास्तूत 1991 ते 1993 या काळात आठ माणसे कोंडून घेऊन राहिली. मातीतील सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन वापरल्यामुळे त्याचे प्रमाण 21 टक्क्यांवरून साधारण 14 टक्क्यांवर उतरले, आणि आठांचे चार-चारांचे दोन गटही पडले. नासाने पुढील निवासांसाठी जी हवा सुचवली आहे, तिच्यात 34 टक्के ऑक्सिजन असला तरी दाब 8.2 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड; समुद्रसपाटीवर तो 14.7 असतो) इतकाच आहे, म्हणजे पन्हाळ्याहून थोड्या अधिक उंचीवर मिळेल तितकाच ऑक्सिजन. अवकाश पोशाख चढवून बाहेर पडण्यापूर्वीची तयारी कमी वेळात व्हावी, यासाठी ही तडजोड जाणूनबुजून केलेली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या सरावासाठी इस्रोने ‘होप’ हे निवासस्थान उभारायला लडाखमधील 4,530 मीटर उंचीवरील त्सो कारच निवडले. ही माहिती सहज उपलब्ध आहे. प्रतिक्रिया लिहिण्यापूर्वी आपण ती पाहिली असती, तर आपला आणि माझा दोघांचाही वेळ वाचला असता.