वाघ कोणाच्या दारात

ताडोब्याची वाघीण चांदोलीच्या जंगलात आणून सोडली तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर भांडण पेटलंय. "माणसं उठवली, आता वाघ आणून बसवाय लागलेत," हे चुलतभावाचं, दादाचं, पालुपद. आमचं गाव पाटण तालुक्यात, रानाच्या कडेला. मला त्याच्या बोलण्याचा संताप येतो. याच दादाबरोबर मी लहानपणी भुईमुगाच्या राखणीला बसले आहे. रात्रभर पत्र्याचा डबा बडवायचा, तरी सकाळी निम्मं वावर डुकरांनी नांगरल्यासारखं उकरलेलं. त्या डुकरांना, गव्यांना धाक कोणाचा? चांदोली ज्यात येतं तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, पण अलीकडे कॅमेऱ्यात दिसत होते ते नर. वाघिणीशिवाय वाघ वाढणार कसे?

मग मी कोलोरॅडो काढलं, अमेरिकेतलं हे राज्य, जिथे मी आता राहते. इथले लांडगे १९४०च्या दशकापर्यंत मारून संपवले होते. २०२० साली आम्ही मतदान करून ते परत आणायचं ठरवलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये ओरेगॉन राज्यातून १० लांडगे आणून सोडले. लांडग्याने वासरू मारलं तर १५,००० डॉलरपर्यंत भरपाई. "इथे लोकांना विचारून करतात, तुमच्यासारखं नाही," असं मी लिहिलं.

ते "तुमच्यासारखं" मला अजून टोचतंय. कारण तो ठराव जेमतेम ५१ टक्क्यांनी पास झाला, तोही डेन्व्हर-बोल्डर या शहरांकडच्या आमच्या मतांवर. लांडगे सोडले डोंगरापलीकडे, वेस्टर्न स्लोपवर, जिथल्या बहुतेक काउंटींनी, म्हणजे जिल्ह्यांनी, नको म्हटलं होतं. मी ओट्याशी चहा पीत घरी आलेल्या मतपत्रिकेवरचा गोल काळा केला आणि येताजाता पेटीत टाकून आले. गोठ्यातलं जनावर जाणार होतं ते दुसऱ्याचं.

"तिकडं बसून वाघ सोडाय तुझं काय जातंय?" दादाने विचारलं. मी गप्प बसले.

वाघ हवाच, हे मी आजही म्हणते. चांदोलीतून उठवलेल्या गावांना जमिनीसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, त्यात वाघाचा काय दोष? पण मला तो डोंगर भरलेला हवाय, कारण गावात माझं म्हणावं असं आता तेवढंच उरलंय. घर दादाचं, वावर दादाचं, पहाटे धार काढायला अंधारात गोठ्यात जातो तोही दादाच.

काल फोन केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, गोठ्याला दार आहे का.

"निम्मं हाय," तो म्हणाला.