लेझर झालं, पण नंतरचं डॉप्लर झालं का?

'सकाळी लेझर, संध्याकाळी घरी' अशा व्हेरिकोज व्हेन्सच्या, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांवरच्या उपचाराच्या जाहिराती आता गावोगावी दिसतात. उपचार चांगला आहे, हे आधीच सांगते. पूर्वी जांघेत चीर देऊन शीर ओढून काढायचे, आता बारीक तार आत सरकवून उष्णतेने ती आतल्या आत बंद करतात. माझी तक्रार आहे ती त्यानंतरच्या आठवड्याबद्दल आणि त्यात करायच्या डॉप्लरबद्दल, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीबद्दल. त्याविषयी पेशंटशी धड कुणी बोलतच नाही.

बंद केलेली शीर जांघेपाशी खोल, मोठ्या शिरेला मिळते. म्हणून तारेचं टोक त्या जोडापासून दोन-अडीच सेंटिमीटर अलीकडे ठेवतात. तरीही कधीकधी आतली रक्ताची गुठळी वाढून खोल शिरेत डोकावते. २०१८ साली सोळा हजारांहून जास्त रुग्णांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात अशी गुठळी हजारात साधारण १४ जणांना आढळली आणि फुप्फुसापर्यंत गेलेली गुठळी हजारात एकाला. धोका कमीच आहे, पण तो एक जण कुणाच्या तरी घरचा असतो.

माझी वहिनी शिक्षिका, दिवसभर उभं राहायचं काम. लेझर झाल्यावर घरी सगळ्यांनी मायेनेच तिला पलंगावरून उतरू दिलं नाही. "पाय हलवू नकोस गं," सासूबाई सारख्या म्हणायच्या. खरं तर त्याच दिवसापासून चालायचं असतं! पॅकेजमध्ये नंतरचं डॉप्लर नव्हतंच. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हट्टाने करायला लावलं, तर गुठळीचं शेपूट खोल शिरेत गेलेलं. तिला ना दुखत होतं, ना सूज होती. रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर ती गुठळी विरली.

मग कळलं की गौरी-गणपतीसाठी ती पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेत होती. लेझरआधी तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याकडे सणाला, लग्नाला, यात्रेला या गोळ्या मेडिकलमधून सर्रास आणतात आणि त्यांना कुणी औषधात धरत नाही. हार्मोनच्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढू शकतो. गर्भनिरोधक गोळ्या, आधी झालेली गुठळी, घरात कुणाला झालेली, कॅन्सर, जास्त वजन, हे सगळं उपचाराआधीच विचारायला हवं. विचारलं नाही तर बायांनो, स्वतःहून सांगा. लाजू नका.

आणि क्लिनिकवाल्यांनी पहिल्या आठवड्यातलं डॉप्लर पॅकेजमध्येच धरावं. ते वगळून दर कमी दाखवणं मला सरळसरळ चुकीचं वाटतं.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक दम लागला, छातीत दुखलं किंवा थुंकीतून रक्त आलं, तर क्लिनिक उघडायची वाट बघू नका. १०८ ला फोन लावा आणि लेझर कधी झालं ते पहिल्या वाक्यात सांगा.