रस्ता मागू नका, लेखाशीर्ष मागा

तुमच्या घरासमोरचा रस्ता खराब आहे, हे कृपा करून कोणाला सांगत बसू नका. ते सगळ्यांना माहीत आहे. सोलापूरच्या झोन कार्यालयातल्या शिपायापासून मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत ही बातमी केव्हाच पोचून शिळी झाली आहे. अडलंय ते एवढ्यावरच, की हा रस्ता बसवायचा कुठल्या हेडखाली, म्हणजे सरकारी खर्चाच्या कुठल्या लेखाशीर्षात. ते शोधून देणं हे तुमचं काम. अधिकाऱ्यांना इतर कामं असतात.

तेव्हा आधी थोडं पाठांतर करा. ‘तीस चोपन्न’ म्हणजे 3054, रस्ते आणि पुलांची देखभाल-दुरुस्ती. ‘पन्नास चोपन्न’ म्हणजे 5054, नवी बांधकामं. ‘पंचवीस पंधरा’ म्हणजे 2515, खेड्यांतल्या मूलभूत सुविधा, त्यातही लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामं. ही शेवटची शहरवाल्यांच्या उपयोगाची नाही, पण मोहोळ-अक्कलकोटचे पाहुणे आले की आकडा तोंडावर असलेला बरा, मान राहतो. शिवाय शहरांसाठीची राज्याची नगरोत्थान योजना आहे, दलित वस्ती सुधार आहे, डीपीसी म्हणजे जिल्हा नियोजन समितीचा निधी आहे, वर्षाला 5 कोटींचा आमदार निधी आहे. एवढं येत असेल तरच साहेबांच्या केबिनचं दार ढकला. नाहीतर काय होतं बघा.

“साहेब, विडी घरकुल वसाहतीकडं आतल्या रस्त्याला गुडघाभर पाणी थांबतंय.”

“बरं. कशातून करायचं?”

“मुरूम टाकून, वर डांबर…”

“तसं नाही हो. कशातून करायचं?”

इथे माणूस गप्प होतो आणि चहा न घेता घरी येतो. तुम्ही तसं करू नका. ताठ मानेनं म्हणा, “नगरोत्थानमध्ये बसेल साहेब, नाहीतर डीपीसीतून शिल्लक असेल तर बघा.” साहेब खुर्चीत सरळ होतील. रस्ता होणार नाही, पण चहा येईल.

दुसरी तयारी हद्दीची. सोलापुरात एकाच रस्त्यावरून दुचाकी नेताना तुम्ही महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग अशा तीन सत्तांच्या मुलखातून जाऊ शकता, आणि कुठेही चौकी लागत नाही. चौकी नसल्याने नागरिकाचा गोंधळ होतो, तो चुकीच्या दारात अर्ज टाकतो. म्हणून घरात टेप ठेवा. खड्डा दिसला की आधी खोली मोजू नका, मालक मोजा. खड्डा बरोबर दोन हद्दींच्या मध्ये आला असेल तर अभिनंदन, तो तुमच्या नातवंडांनाही बघायला मिळेल.

हद्द म्हटली की हद्दवाढ आलीच. 1992 च्या मे महिन्यात आजूबाजूची गावं शहरात आली आणि सोलापूर पसरून सुमारे 178 चौरस किलोमीटरचं झालं. गावं शहरात आली, रस्ते मात्र अजून वाटेत आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेनं 74 वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि नव्या बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते व पूल’ हे पालिकांचं काम म्हणून लिहिलं. काम दिलं लेखी. पैशाचं मात्र राज्यांनी आपापलं बघावं असं ठरलं, आणि राज्यांनी ते बघितलं.

म्हणजे असं, की महापालिकेकडे पूर्वी जकात होती. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला. 1 ऑगस्ट 2015 ला 50 कोटींच्या आतल्या उलाढालीचा एलबीटी माफ झाला, आणि 1 जुलै 2017 ला जीएसटीनं उरलंसुरलं पुसून टाकलं. आता राज्य दर महिन्याला अनुदान देतं, त्यात पगार, पेन्शन, वीजबिल भागवायचं. रस्त्यासाठी पैसे हवे असतील तर योजना आहेतच, पण प्रत्येक योजनेला स्वहिस्सा, म्हणजे महापालिकेनं स्वतः घालायचा वाटा, लागतो. भाकरी देतो, आधी कालवण तुझं आण, असा हा प्रकार. ज्याच्या घरी कालवण शिजतं तो भाकरी मागायला कशाला येईल, हा प्रश्न तुम्ही विचारू नका. तो विचारला की ‘महापालिकेनं आपलं उत्पन्न वाढवावं’ असं उत्तर येतं आणि तुमची घरपट्टी वाढते.

आता अर्ज कोणाला लिहायचा? डीपीसीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, तेव्हा त्यांनाच. फक्त नाव पेन्सिलीनं लिहा. 2020 च्या जानेवारीपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत सोलापूरला दिलीप वळसे पाटील, जितेंद्र आव्हाड, दत्तात्रय भरणे, राधाकृष्ण विखे पाटील, चंद्रकांत पाटील आणि जयकुमार गोरे असे सहा पालकमंत्री लाभले. त्यांचे मतदारसंघ अनुक्रमे आंबेगाव, मुंब्रा, इंदापूर, शिर्डी, कोथरूड आणि माण. जिल्ह्यातला एकही नाही. यातले सर्वात जवळचे इंदापूरचे, तर त्यांच्या काळात रस्ते बाजूला राहिले आणि उजनी धरणाच्या पाच टीएमसी पाण्यावरून रान पेटलं. मी तर म्हणतो, यात आपलाच फायदा आहे. बाहेरच्या माणसाला खड्डे नवे दिसतात. आपल्याला दिसायचे केव्हाच बंद झाले.

नगरसेवकाकडे जायची सवय असेल तर तीही तपासून घ्या. मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. या काळात रस्त्यांची अवस्था फार बिघडली असं कोणी म्हणालं नाही. नगरसेवकांनी यावर विचार करावा, तुम्ही करू नका.

मंजुरी मिळाली की खरी कसोटी तुमची. इथे सोलापूरकर घाई करतो. बॅनर वाचतो, ‘भरीव निधी’ वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी रोलर शोधत फिरतो. अहो, बॅनर असतो तो तरतुदीचा, रस्त्याचा नव्हे. अर्थसंकल्पात ओळ आली, एक बॅनर. पुरवणी मागण्यांत आली, दुसरा. मग प्रशासकीय मान्यता, तिचा तिसरा, त्यावर नेत्यांचे फोटो वाढतात. तांत्रिक मान्यतेला कोणी बॅनर लावत नाही, कारण ती अभियंत्याची असते आणि अभियंत्याला मतदारसंघ नसतो. निविदा, दर जास्त आला म्हणून फेरनिविदा, कार्यारंभ आदेश, भूमिपूजन. त्यात दोन पक्ष असतील तर भूमिपूजनं दोन, नारळ दोन. चार पुतळ्यापासून सात रस्त्यापर्यंत नुसते बॅनर वाचत गेलात तर सोलापूर हे युरोपातलं शहर वाटेल. फक्त वाचताना गाडी चालवू नका, खाली बघायचं राहतं.

एकाच पैशाचे इतके वाढदिवस साजरे करण्याची ही पद्धत कोणी हिणवू नये. उड्डाणपुलांचंच घ्या. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला, हे दोन पूल शहरानं वर्षानुवर्षं पेपरात पाहिले. भूसंपादन, मोबदला, कोणी किती भरायचे, पुन्हा भूसंपादन. एक अख्खी पिढी या पुलांच्या बातम्या वाचून कॉलेजातून बाहेर पडली आणि नोकरीला पुण्याला गेली. अशा पुलांचा एक गुण कोणी बोलून दाखवत नाही: त्यांना तडे जात नाहीत.

तडे बसगाड्यांना गेले. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेतून महापालिकेच्या परिवहनला नव्या बस मिळाल्या, तेव्हा हारतुरे झाले. मग चेसिसला तडे निघाले, वाद सुरू झाले, आणि डझनांनी गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. यावरून निधीचा जो स्वभाव दिसतो तो लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. निधी वस्तू घेण्यासाठी येतो. ती चालवायला, पुसायला, तिचा नट आवळायला येत नाही. ड्रायव्हरच्या पगाराचं लोकार्पण कोण करणार? आता केंद्राच्या पीएम ई-बस सेवेत सोलापूरच्या नावावर 100 गाड्या मंजूर आहेत. हारवाल्यांना आगाऊ सांगून ठेवा.

रस्त्यांचंही तेच. वेळेवर भरलेला वीतभर खड्डा कोणाच्या लक्षात राहत नाही, त्याला कोनशिला बसत नाही, त्याच्या बाजूला उभं राहून फोटो काढला तर लोक हसतात. म्हणून तो भरायचा नसतो, वाढवायचा असतो. दोन पावसाळे थांबलं की त्याचा रस्ता होतो, म्हणजे ‘नव्यानं करण्यास पात्र’ होतो, तीस चोपन्नमधून उठून मोठ्या लेखाशीर्षात जातो. तेव्हा तुमच्या दारातला खड्डा लहान असेल आणि कोणी परस्पर त्यात विटांचे तुकडे टाकत असेल, तर त्याला थांबवा. तो शहराच्या विकासाच्या आड येतोय.

काम प्रत्यक्ष सुरू व्हायचा मुहूर्त मार्चचा. 31 मार्चला न वापरलेला निधी व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो, त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत जो रस्ता अशक्य होता तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्रीतून होतो. त्या आठवड्यात गाडी रस्त्यावर लावू नका, तिच्या भोवतीनं डांबर मारून जातील. एप्रिलमध्ये नव्या रस्त्यावरून दोन चकरा मारा, व्हिडिओ काढा, पुण्याच्या मुलाला पाठवा. मे महिन्यात ड्रेनेजवाले येतील. त्यांच्यावर चिडू नका, त्यांचा निधी वेगळ्या लेखाशीर्षातून आलेला असतो आणि त्याचीही मुदत असते. मागून पाण्याची लाईन, मग केबल. जानेवारी 2016 मध्ये देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट सिटींमध्ये सोलापूर नवव्या क्रमांकावर निवडलं गेलं, तेव्हापासून तर खोदकामालाही दर्जा आला.

कामाच्या जागी एक फलक लागतो: कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, दोषदायित्व कालावधी. या कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं पदरचे पैसे घालून दुरुस्त करायचा असतो. फलकाचा फोटो मात्र पहिल्या दिवशीच काढा. बऱ्याचदा फलक रस्त्याच्या आधी जातो. ठेकेदारालाही बोलू नका. त्याची बिलंच निघत नाहीत; 2025 मध्ये राज्यभरचे ठेकेदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले होते. ते कोणत्या रस्त्यावर उतरले आणि तो कोणी केला होता, एवढंच मला कळलेलं नाही.

खूपच निकड असेल तर व्हीव्हीआयपी बोलवा. 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान कुंभारीच्या रे नगरमधल्या 15,000 घरांसाठी आले होते. ज्यांनी तेव्हाची धावपळ पाहिली त्यांना जास्त सांगायला नको. आषाढीला मुख्यमंत्री पंढरपूरला दरवर्षी येतातच. त्यांचा मार्ग तुमच्या गल्लीतून नेण्याइतकी तुमची ओळख असेल तर हा लेख इथेच सोडा.

किंवा उडा. होटगी रोडच्या विमानतळावरून 2025 मध्ये विमानं सुरू झाली, आणि मुंबईच्या विमानात जागा रिकाम्या राहिल्या तर तो तोटा भरून द्यायला राज्य सरकार तयार झालं. बघा, राज्य पैसे देत नाही हा आरोप किती खोटा आहे. तुम्हीच चुकीच्या उंचीवर राहता. विमानतळापर्यंत कसं पोचायचं एवढं आपलं आपण बघायचं.

राहता राहिला पडण्याचा प्रश्न. इतके दिवस आपण कसेही पडत होतो. आता तसं चालणार नाही. 13 ऑक्टोबर 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख आणि जखमीला दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचा आदेश दिला. चांगला रस्ता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, हे न्यायालय त्याआधीही सांगत आलंय. तेव्हा पडताना भान ठेवा. हद्द स्पष्ट असलेल्या खड्ड्यातच पडा, मघाशी टेप आणायला सांगितली ती यासाठी. हेल्मेट घाला, पडल्यावर लगेच उठू नका, साक्षीदार बघा, पंचनामा होऊ द्या. आणि भरपाई कशातून द्यायची, असं कोणी विचारलं तर हसू नका. विचारतील.

एवढं सगळं समजलं असेल तर अर्जाचा मसुदा देतो, उतरवून घ्या.

“प्रति, मा. पालकमंत्री (नाव पेन्सिलीनं), सोलापूर जिल्हा. विषय: आमच्या गल्लीतील खड्ड्याच्या भूमिपूजनाबाबत. महोदय, वरील खड्डा हद्दवाढ भागातील असून वयानं ज्येष्ठ आहे. तो भरावा अशी आमची मागणी नाही, तरी गैरसमज नसावा. सदर खड्डा कोणत्याही योजनेत बसण्यास तयार आहे. स्वहिस्सा म्हणून आम्ही दोन पावसाळे आधीच भरले आहेत. आपल्या सवडीची तारीख कळवावी. मंडप, नारळ व हार यांची व्यवस्था गल्लीतून होईल. खड्ड्याच्या उजव्या अंगाला कोनशिलेपुरती जागा सोडली आहे, डाव्या अंगाला पुढच्या पालकमंत्र्यांसाठी.”