विषम हार्मोनिकांवरचा आळ

गिटारवादकांमध्ये एक विधान वर्षानुवर्षे फिरते आहे: व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) सम हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट अशा कंपनसंख्येचे वरचे स्वर, निर्माण करतात, ती कानाला गोड लागतात, ट्रान्झिस्टर विषम, म्हणजे तिप्पट, पाचपट अशी हार्मोनिक निर्माण करतात, ती कर्कश असतात, म्हणून व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज उबदार असतो. तो आवाज मला अतिशय प्रिय आहे, आणि म्हणूनच त्याचे श्रेय भलत्या कारणाला जाऊ नये असे मला वाटते.

‘व्हॉल्व्ह म्हणजे सम’ हे अर्धेच खरे आहे. १२एएक्स७ या ट्रायोड प्रकारच्या व्हॉल्व्हचा वर्धनाचा एकच टप्पा पाहिला, तर त्यात दुसरे हार्मोनिक प्रबळ असते. मात्र बहुतेक मोठ्या गिटार अ‍ॅम्प्लिफायरांचा पॉवरचा, म्हणजे स्पीकर चालवणारा शेवटचा, टप्पा पुश-पुल असतो, म्हणजे त्यातील व्हॉल्व्ह परस्परविरुद्ध कलेत (फेजमध्ये) चालतात, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये त्यांचे प्रवाह एकत्र येताना त्या टप्प्यात निर्माण झालेली सम हार्मोनिक जवळपास नाहीशी होऊन विषम तेवढी उरतात. १९५० च्या दशकाच्या अखेरचा फेंडर बेसमन, त्याच्या आराखड्यावर बेतलेला मार्शल जेटीएम४५ आणि चार ईएल८४ व्हॉल्व्हवर चालणारा व्हॉक्स एसी३० हे तिन्ही पुश-पुलच आहेत. पॉवरच्या टप्प्यापर्यंत ताणलेल्या या अ‍ॅम्प्लिफायरांच्या ज्या गुरगुरीवर लोक लुब्ध झाले, तिच्यात तिसऱ्या आणि पाचव्या हार्मोनिकाचा वाटा मोठा आहे. एकाच ६व्ही६ व्हॉल्व्हवर चालणारा छोटा फेंडर चॅम्प या रचनेचा नाही.

ट्रान्झिस्टरचेही तसेच. एकट्या ट्रान्झिस्टरच्या साध्या टप्प्यात दुसरे हार्मोनिकच पुढे असते. सम की विषम हे मंडलाच्या रचनेवर ठरते.

विषम हार्मोनिक कर्कश असतात, हे तर तंबोरा ऐकणाऱ्याने मान्यच करू नये. षड्जाचे तिसरे हार्मोनिक म्हणजे पंचम आणि पाचवे म्हणजे गांधार. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गांधार विषमच आहे. सातवे कोमल निषादापेक्षा किंचित उतरलेले असते आणि त्यापुढची विषम हार्मोनिक बोचू शकतात. पण ती किती येतील हे सिग्नलचा माथा किती तीक्ष्णपणे कापला जातो यावर अवलंबून असते. शिवाय सम विकृती, म्हणजे सम हार्मोनिक निर्माण करणारा सिग्नलच्या आकारातला बदल, नुसती सप्तक वाढवत नाही. ११० आणि १३८.६ हर्ट्झचे स्वर एकत्र छेडले, तर तीच विकृती २८.६ आणि २४८.६ हर्ट्झचे स्वरही उत्पन्न करते, आणि ते मूळ दोहोंपैकी एकाच्याही सप्तकात बसत नाहीत.

मग वेगळेपण येते कुठून? जोराने छेडल्यावर व्हॉल्व्हच्या ग्रिडमधून (सिग्नल स्वीकारणाऱ्या जाळीतून) प्रवाह वाहू लागतो, दोन टप्प्यांना जोडणारा कपलिंग कपॅसिटर भारित होतो आणि बायस (ग्रिडचे स्थिर व्होल्टेज) क्षणभर सरकतो. त्यामुळे विकृतीचे स्वरूप स्वर वाजत असतानाच बदलत राहते. याहून दुर्लक्षित, पण माझ्या मते अधिक महत्त्वाचे कारण स्पीकरशी असलेल्या नात्यात आहे. स्पीकरचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) त्याच्या खालच्या अनुनादापाशी आणि वरच्या पट्टीत वाढतो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स बराच असल्यामुळे, विशेषतः एसी३० सारख्या पॉवरच्या टप्प्याला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत देणे) नसलेल्या रचनेत, तेथे व्होल्टेजही वाढते आणि खर्ज व धार दोन्ही उठून दिसतात. भरपूर व्होल्टेज फीडबॅक असलेला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर हे होऊ देत नाही. म्हणूनच अनेक ट्रान्झिस्टर गिटार अ‍ॅम्प्लिफायरांत मुद्दाम करंट फीडबॅक (व्होल्टेजऐवजी प्रवाहावर आधारलेला) वापरून आउटपुट इम्पीडन्स वाढवलेला असतो.