पाच कोटींची बॅग, तीही एका हातात!

अपहरणपटाचं बजेट नेमकं जातं कुठे? ड्रोन शॉट, तीन गाड्या उडवणं आणि परदेशातलं एक गाणं. पटकथेवर मात्र शून्य खर्च! खंडणी पाच कोटी. पाचशेच्या नोटांत म्हणजे एक लाख नोटा, शंभर-शंभर नोटांच्या हजार गड्ड्या, वजन शंभर किलोच्या वर. आणि आमचा हीरो ती बॅग एका हातात झुलवत जिने चढतो. अहो, दोन हमाल लागतील!

मग तो फोन. ‘अजून तीस सेकंद बोलत ठेवा, ट्रेस होतोय.’ २०२५ साली? मोबाइल कोणत्या टॉवरवर आहे हे नेटवर्कला कॉल लागतानाच कळलेलं असतं. खरी बोंब पुढे असते. टॉवर सांगतो फक्त परिसर, आणि त्यात धारावीसारखी वस्ती असली तर घर शोधणार कसं? थरार तिथे आहे. पण तो लिहायला डोकं लागतं, म्हणून स्क्रीनवर लाल ठिपका टिकटिकवायचा.

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाने १९६३ साली ‘हाय अँड लो’ या अपहरणपटात एवढंच दाखवलं: धावत्या ट्रेनची खिडकी फक्त सात सेंटिमीटर उघडते, तिच्यातून बाहेर टाकायची पैशांची बॅग त्याहून पातळ हवी. श्वास अडकतो! शिवाय उचललेला मुलगा, ज्याच्याकडे खंडणी मागितली त्या उद्योगपतीचा नाहीच, त्याच्या ड्रायव्हरचा. पैसे द्यायचे का? अख्खा पूर्वार्ध जवळपास एका दिवाणखान्यात, तरी प्रेक्षक जागचा हलत नाही.

आमच्याकडे ओलीस मुलीला पहिल्या दहा मिनिटांत दोन वाक्यं. तीही आईस्क्रीमबद्दल. मग काळजी वाटणार कुणाची, त्या उडालेल्या गाड्यांची?