गाणं लावा, मशीन पाडा

लिनक्सवर गाणं लावलं की तुमचा कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो? अभिनंदन. बाकीचे लोक आवाजच येत नाही म्हणून रडतात, तुमच्याकडे निदान काहीतरी घडतंय तरी.

सगळ्यात आधी पल्सऑडिओ (प्रोग्रामांचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर) काढा आणि त्याच कामाचा पाइपवायर बसवा. पाइपवायर आधीच असेल (फेडोरा या लिनक्सच्या आवृत्तीने तो २०२१ मध्येच डीफॉल्ट केला), तर तो काढून पल्सऑडिओ बसवा. दोघंही यूझरस्पेसमधले, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबाहेर चालणारे बापडे, फार तर स्वतः कोसळतील. अख्खं मशीन आडवं करायची त्यांची ऐपत नाही. पण गरिबावर राग काढायला कुठे काय लागतं? कर्नलमध्ये, म्हणजे त्या गाभ्यातच, बसलेला अल्साचा (लिनक्सच्या ध्वनी यंत्रणेचा) ड्रायव्हर खरंच मशीन पाडू शकतो, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि लॉग, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी? चुकूनही वाचू नका. जर्नलसीटीएल या कमांडला 'वजा बी वजा १' जोडलं की मागच्या बूटची नोंद उघडते आणि तर्क लढवायची सगळी मजा जाते. 'व्हार'मधल्या 'लॉग'मध्ये 'जर्नल' नावाचं फोल्डर नसेल तर उत्तमच: नोंदी रॅममध्ये राहतात आणि रिबूटबरोबर पुरावाही साफ.

कर्नल पॅनिकचा (कर्नलच कोलमडल्याचा) आरोप मात्र बिनधास्त करा. मूळ कर्नलमध्ये 'कर्नल डॉट पॅनिक' या सेटिंगची किंमत ० असते, म्हणजे पॅनिक झाल्यावर मशीन आपणहून रिबूट न होता तिथेच गोठतं. शून्याच्या जागी १० असेल, तर दहा सेकंदांनी रिबूट होतं. तुमच्याकडे शून्य आहे आणि तरीही स्क्रीन क्षणात काळी होऊन मशीन पुन्हा सुरू होतं? मग बोट हार्डवेअरकडे जातं. असले अवघड प्रश्न विचारून वातावरण बिघडवू नका.

हाय डेफिनिशन ऑडिओच्या मॉड्यूलचं 'पॉवर सेव्ह' शून्य करा, म्हणजे कोडेक (आवाजाची चिप) झोपणार नाही. त्याच दमात कर्नल, बायोस आणि ग्राफिक्स ड्रायव्हरही बदला. एका वेळी एकच बदल करणाऱ्या भित्र्या लोकांना गुण नेमका कशाने आला ते कळतं; तुम्हाला ती चैन परवडणार नाही.

ऑडिओ मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करून (म्हणजे लोडच होऊ न देता) त्याच गाण्याचा व्हिडिओ मुका चालवून बघा, असं कुणी सुचवेल. ऐकू नका. मुकं असतानाही मशीन बसलं, तर आवाज निर्दोष ठरेल आणि ग्राफिक्स कार्ड नाहीतर पॉवर सप्लाय उघडून बघावा लागेल. त्यापेक्षा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची अख्खी आवृत्तीच, बदला. ती फुकट मिळते.