माझ्या मागच्या चाकाचे पाहुणे
दिवाळीनंतरच्या पहिल्याच सायकल शर्यतीत काल मी पंचेचाळीस वर्षांवरील गटात अकरावा आलो. दहावा कोण आला हे मी जन्मात विसरणार नाही, कारण कळे गावाहून कोल्हापूरच्या फुलेवाडीकडे परतताना त्या गृहस्थाने जवळपास सगळी वाट माझ्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर काढली आणि शेवटच्या दोनशे मीटरांत, इतका वेळ नुसती विश्रांतीच घेतलेली असल्यामुळे, उभे राहून पायडल मारत मला मागे टाकले.

परतीला वारा समोरून होता आणि सात-साडेसातचे ऊन थेट डोळ्यांत येत होते. अशा वेळी दोघांनी आळीपाळीने पुढे यावे, एकाने वारा फोडावा आणि दुसऱ्याने तेवढ्यात दम खावा, ही काही लेखी करार करण्याची गोष्ट नव्हे. मागे राहणाऱ्याची पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते हे मला ठाऊक आहे तसे त्यालाही ठाऊक होते. किंबहुना त्याला ते जरा जास्तच ठाऊक होते. मी उजवे कोपर हलवून खूण केली. काही झाले नाही. थोड्या वेळाने डावे हलवले, न जाणो त्याची पद्धत वेगळी असायची. मग रस्त्याच्या कडेला सरकून वेग कमी केला, तर तोही माझ्याबरोबर कडेला सरकला आणि त्यानेही वेग कमी केला, आणि दोन प्रौढ माणसे भर शर्यतीत अठराच्या वेगाने भाजी आणायला निघाल्यासारखी चालली. शेवटी मान वळवून मी म्हणालो, ‘‘अहो, जरा पुढे या.’’ त्यावर उत्तर आले, ‘‘काका, तुम्ही झकास ओढताय की! कशाला मोडता घालायचा?’’

काका! आम्ही दोघे एकाच गटात होतो.

तेही मी सोसले असते. सोसवला नाही तो आवाज. माझी छाती भात्यासारखी चालली असताना मागून त्याच्या फ्रीव्हीलची, म्हणजे पायडल थांबले की मागच्या चाकात वाजणाऱ्या दातऱ्यांची, किर्र किर्र वरचेवर ऐकू येत होती, म्हणजे हा माणूस मधूनमधून पायसुद्धा हलवत नव्हता. सायकल अर्थातच कोरी करकरीत, कार्बनची. शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी नसावे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि पठ्ठ्याने त्या सीमेच्या शक्य तितके जवळ जाण्यासाठी बराच पैसा ओतलेला दिसत होता. स्वतःच्या वजनाला मात्र असा कोणताही नियम त्याने लावून घेतलेला नव्हता.

चिडलोच आहे तर बाकीचेही बोलून घेतो. सहाची शर्यत सत्कार उरकेपर्यंत पाऊण तास उशिरा सुटली आणि तोवर पायांचे लाकूड झाले. पावसाळ्याने उखडलेल्या रस्त्यावरची खडी तशीच पडलेली होती. गेल्या वर्षी वळणावर उभा राहणारा स्वयंसेवक मिसळ खायला गेला होता, म्हणून आम्ही चौघे दीड किलोमीटर पुढे जाऊन आलो होतो. त्याचा निकाल अजून लागलेला नाही. टी-शर्ट दरवर्षी फक्त लहान मापाचे उरतात. केळी तर मागून येणाऱ्यांनी कधी पाहिलेलीच नाहीत.

पण खरे सांगायचे तर वाटेतल्या बालिंगा गावाच्या अलीकडे एक गोष्ट घडली, आणि ती मी काल घरी सांगितलेली नाही. उसाने गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा एक ट्रॅक्टर, मोठ्याने गाणी लावून, आमच्या पुढे चालला होता. मी त्याच्या मागे गेलो आणि वारा एकदम थांबला. ओल्या उसाचा वास, शेवटच्या ट्रॉलीबाहेर लोंबणारे वाढे आणि छातीवरचे ओझे कोणीतरी उतरवून ठेवल्यासारखे सुख. वेग विशीवर आला होता, रस्ता मोकळा होता, ओलांडून जाणे सहज शक्य होते. तरी मी एक किलोमीटरभर तिथून हललो नाही. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मी आणि माझ्या मागे तो, अशी वरात चालली होती. ‘‘काका, हितंच ऱ्हावा, वारा लागत न्हाई,’’ असे मागून आले, आणि मी मान डोलावली. त्या ड्रायव्हरला मी एकदाही म्हटले नाही, की दादा, आता तुम्ही मागे या, मी पुढे होतो.

शर्यत संपल्यावर तो माझ्याकडे आला. त्याच्या हातात दोन केळी होती, त्यांतले एक त्याने मला दिले. कुठून मिळवली हे मी विचारले नाही. ‘‘पुढच्या रविवारी जोतिबाच्या चढाला येणार न्हवं?’’ असे त्याने विचारले, आणि मी अत्यंत गोड आवाजात येतो म्हणालो, कारण चढावर वेग पडला की कोणाच्या मागे लपून फारसे काही वाचत नाही आणि तिथे त्याचे वजन त्यालाच ओढावे लागणार आहे. माझेही मलाच ओढावे लागणार आहे हे घरी पोहोचून वजनकाट्यावर उभा राहिल्यावर लक्षात आले. उरलेल्या चकल्यांचा डबा आता शेजारी दिला आहे.